दोन बहिणींना आपसात बोलण्याची लेखी मोकळीक मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
प्रकल्पाधारित विज्ञान शिक्षण अभ्यास,
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : अभ्यास संपल्यामुळे अर्जदाराच्या जुळ्या मुलींवरील बोलण्याची बंदी उठवल्याचे पत्र मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराने सही केलेले हमीपत्र. २) आपले निकालपत्र.

महोदय,

१. अर्जदार औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करते. तिला जुळ्या मुली असून दोघी नववीत होत्या. गेल्या वर्षी आपल्या कार्यालयाने शाळेत चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट केले. प्रायोगिक गटाने भौतिकशास्त्र प्रकल्प करून शिकायचे, नियंत्रित गटाने फळ्यावरून आणि पुस्तकातून, आणि समस्या कोणाला जास्त सोडवता येतात ते वर्षअखेरीस परीक्षेने ठरवायचे, अशी योजना होती. थोरली प्रायोगिक गटात गेली, धाकटी नियंत्रित गटात राहिली. चिठ्ठीपुढे कोणाचे काय चालते, म्हणून अर्जदाराने तेव्हा तक्रार केली नाही व आजही तिची ती तक्रार नाही.

२. हमीपत्रात असे होते की, "पुढील लेखी सूचना मिळेपर्यंत" दोन्ही गटांतील मुलांनी एकमेकांशी भौतिकशास्त्राविषयी बोलू नये. बोलल्याचे आढळल्यास नियंत्रित गटातील मुलाचा पेपर बाद होईल. आमच्या दोघी एकाच पलंगावर झोपतात, हे अर्जदाराने पर्यवेक्षकांच्या कानावर घातले. तुम्हीच काय ते समजून घ्या, असे ते म्हणाले. अर्जदाराने समजून घेतले. थोरलीने जेवणाच्या टेबलावर कप्प्या आणि दोरीची, वजन उचलायची यारी उभी केली की धाकटी आपले ताट उचलून स्वयंपाकघरात जाई.

३. अडचण त्यापुढची आहे. भौतिकशास्त्र नेमके कुठे संपते, हे घरात कोणालाच सांगता येईना. कुकरच्या शिट्टीतही ते आहे असे निघाले, म्हणून स्वयंपाकघरातले बोलणे बंद झाले. मग पंखा गेला, विजेचे बटण गेले. आरसा गेला तेव्हा एकमेकींच्या वेण्या घालणे थांबले. अर्जदाराच्या पतीने एकदा थट्टेने विचारले की जांभई तरी चालेल ना. कोणी हसले नाही, कारण आवाज हाही त्या वर्षीचा एक धडा होता. शेवटी अर्जदाराने आपल्या कार्यालयाला पत्र लिहून, कशाविषयी बोललेले चालेल, अशी विचारणा केली. "सर्व नैसर्गिक घटना या विषयाच्या कक्षेत येतात, तरी दक्षता घ्यावी," असे उत्तर आले. ज्यांचे एकमेकींवाचून पान हलत नसे, त्या दोघींनी दक्षता घेतली.

४. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाथरूमची कडी अडकून धाकटी आत कोंडली गेली. घरी थोरली एकटीच होती. तरफ हा तिचा त्या वेळचा प्रकल्प होता. आतल्या ब्रशचा दांडा कडीखाली घालून दाब, एवढे दाराबाहेरून सांगितले असते तरी काम झाले असते. तिने ते सांगितले नाही. ती धावत दुकानात आली आणि अर्जदाराला घेऊन गेली. तोवर धाकटी हाका मारून मारून गप्प झाली होती. अर्जदाराने बाहेरून धक्के देऊन दार उघडले. बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "हिला माहीत होतं, आई." थोरली तिला म्हणाली, "सांगितलं असतं तर तुझा पेपर बाद झाला असता." त्यानंतर दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. दोघींपैकी कोणाला आधी जवळ घ्यावे हे अर्जदाराला कळले नाही. तिने कडीला तेल घातले.

५. प्रकल्पातून शिकणाऱ्यांची समस्या सोडवण्याची क्षमता लक्षणीय वाढली, असे आपले निकालपत्र म्हणते. त्यात खोट काढायची नाही. थोरली पहिली आली. कोणताही प्रश्न पुढे टाका, ती त्याचे आधी लहान तुकडे करते आणि एकेक सोडवत जाते. घरातल्या या एका प्रश्नाचे तुकडे तिला पाडता आलेले नाहीत. तिच्या गुणांवर तिला परगावच्या विज्ञान शाळेत वसतिगृहासह प्रवेश मिळाला असून येत्या सोमवारी ती जात आहे.

६. अभ्यास संपला, पण लेखी सूचना आलेली नाही. अर्जदार दुकानातून सुट्टी काढून आपल्या कार्यालयात येऊन गेली. फाइल बंद झाली, आता सूचना काढण्याची तरतूद नाही, बोलू द्या की त्यांना, असे म्हणून लिपिकांनी काखा वर केल्या. अर्जदाराने घरी तसे सांगितले. थोरली लगेच उठून धाकटीजवळ जाऊन बसली. धाकटीने अर्जदाराकडे पाहून विचारले, "लेखी आलंय का?" अर्जदाराला राग आला नाही. हल्ली तो येत नाही. धाकटी हे रागाने म्हणते की नियमाने, हेही अर्जदाराला सांगता येणार नाही. पण बंदी लिहून आली होती, तेव्हा मोकळीकही लिहूनच यावी, यात तिचे काही चुकते असे वाटत नाही.

७. तरी सोमवारपूर्वी एका ओळीचे पत्र द्यावे, ही विनंती. खाली शिक्का असावा. बोलण्यास हरकत नाही, एवढाच मजकूर पुरे. काय बोलावे हे कार्यालयाने सुचवू नये. पत्र धाकटीच्या नावे काढावे. थोरलीला त्याची गरज नाही.

टपालाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार, दोघींची आई

दिनांक : १२ जून

सोबत :
१. हमीपत्राची प्रत.
२. निकालपत्राची प्रत.
३. उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट. त्यावर धाकटीचे नाव थोरलीने लिहिले आहे.