दुसऱ्या शनिवारचं भाषण

प्रिय ताई,

दुसऱ्या शनिवारच्या भाषणाची तू चौथ्यांदा नवी प्रत केलीस, आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिलीस आणि भाऊजींनाही ऐकवलीस, हे तुझ्या पत्रातून कळलं. भाऊजी मध्येच भाजी आणायला म्हणून गेले आणि अंधार पडल्यावर रिकाम्या हातांनी परतले, हेही कळलं. त्यांच्यावर रागावू नकोस. पहिल्या शनिवारी आमच्याकडे काय झालं ते आधी ऐक.

तुला माहीतच आहे, शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून येईपर्यंत मुलं आमच्या केंद्रात असतात. वर्षभरात आमची दोन माणसं सोडून गेली आणि आता चित्रकला घेणारी चित्रताईही महिनाअखेर निघते म्हणाली. मुलं तिच्या ओढणीला धरून हिंडतात. ती गेली तर निम्मी मुलं यायची बंद होतील आणि उरलेली मला बंद करतील. कार्यकारिणीने ठराव केला, की कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या म्हणजे ते टिकतील. मी म्हटलं, हे काम माझं! माणूस कामाने थकत नाही, ताई, कामाचा अर्थ हरवला की थकतो. हे मी आजही टेबलावर मूठ आपटून सांगेन. म्हणून मी दोन शनिवार आखले. पहिल्या शनिवारी मी बोलणार, दुसऱ्या शनिवारी तू. मधल्या वेळात चहा. कर्मचाऱ्यांना काय हवंय हे विचारायचं राहिलं, पण दिव्याला कुणी विचारतं का, की बाबा रे, तुला पेटवू का?

आमच्या सभागृहात मुलांच्याच खुर्च्या. सगळे गुडघे कानाला लावून बसले. मी शिक्षणाचा इतिहास आदिमानवापासून सुरू केला. तू म्हणशील नमनाला घडाभर तेल, पण मला तर तो घडा अपुरा वाटत होता. चाकाचा शोध लागण्याच्या सुमाराला खाऊ देणाऱ्या मावशींची मान डुलायला लागली. ती डुलकी आहे हे मला फार उशिरा कळलं, तोवर मी ती दाद समजून आवाज चढवत होतो. कारखाने उभे राहिले तेव्हा मुलांचे खेळ घेणारा खेळदादा टाळ्या वाजवायला म्हणून उठला, तर खुर्ची त्याच्याबरोबर उठली. ती काढायला दोघं लागले. इतिहास तिथेच थांबला.

तेव्हा चित्रताई म्हणाली, "सर, रागावू नका, पण एक करू या? आम्ही मुलं बनतो, तुम्ही आमच्या जागी उभे राहा. आत्ताच शाळा सुटलीय." मी म्हटलं, अवश्य! हजारांच्या सभा गाजवल्यात मी, समोर पाच-सहा माणसं म्हणजे काय! "बालमित्रांनो," मी सुरुवात केली. मावशी म्हणाल्या, "सर, शू लागली." मी जा म्हटलं. "मलापण." "मलापण." बघता बघता सभागृह रिकामं. परत आले ते भांडतच. खेळदादा टेबलाखाली शिरला आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय धरू लागला. मावशींनी माझ्या प्रत्येक वाक्याला "का?" विचारलं. ताई, सातव्या "का"ला माझी तत्त्वनिष्ठा संपली आणि मी म्हणालो, "मी सांगतो म्हणून!" जन्मभर ज्या वाक्याविरुद्ध बोललो, ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

या गोंधळात दारावरचे काका कोपऱ्यात जाऊन बसले होते. दप्तर मांडीवर, नजर दाराकडे. मी जवळ गेलो तर म्हणाले, "माझी आई आली का?" सगळे गेल्यावरही ज्याला न्यायला कुणी आलेलं नाही, तो मुलगा झाले होते ते. मी म्हणालो, "येईल हं बाळा, धीर धर." ते म्हणाले, "कधी?" खेळदादाने टेबलाखालून येऊन कोलांटी मारली. काकांनी पाहिलंसुद्धा नाही. मावशींनी खाऊ पुढे केला, तो त्यांनी दप्तरात ठेवला, "आईला देईन" म्हणून. मग सगळ्यांनी चित्रताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला नाही माहीत. रोज संध्याकाळी हेच होतं, तुम्ही सगळे गेलेले असता आणि मी एकटी असते. म्हणून तर सोडतेय."

त्यानंतर चहा निवला, भाषणाचा कागद कुणाच्या तरी बुडाखाली गेला आणि आम्ही भांडलो. काय करायचं, कुणी थांबायचं, खोटं "आत्ता येईल" म्हणायचं की नाही. खेळदादा आणि मावशी तर एकमेकांवर धावून गेले. उत्तर पुरतं सापडलं नाही, पण त्या वेळेला चित्रताईसोबत आळीपाळीने कुणीतरी थांबायचं, एवढं ठरलं. पहिली पाळी माझी. काल थांबलो. शेवटी मागे उरणाऱ्या त्या पोराने मला तासभर पत्त्यांत हरवलं आणि मी एकही सुविचार बोललो नाही.

आता मुद्द्यावर येतो. हे पत्र तीनदा सुरू करून तीनदा फाडलं, कारण मला बोलायला तू शिकवलंस आणि मी अजून तुला घाबरतो. चित्रताईने राजीनामा दुसऱ्या शनिवारपर्यंत थांबवलाय, एका अटीवर: त्या दिवशी कुणीही भाषण करायचं नाही. कुणीही म्हणजे, ताई, तूसुद्धा. ये मात्र नक्की, कारण एका भूमिकेला माणूस मिळत नाहीये. केंद्रात एक नवी मुलगी येते. आल्यापासून ती कुणाशी अवाक्षर बोललेली नाही आणि तिच्यापुढे आम्ही सगळेच हात टेकलेत. ती मुलगी तुला व्हायचंय. लहान खुर्चीत बस, तोंडाचा पट्टा बंद ठेव आणि आम्ही काय काय करतो ते सोस. शेवटी, आमच्यातल्या कुणाचं काय तुला बरं वाटलं, तेवढं सांग. ते तुझं भाषण. दोनच वाक्यांचं झालं तरी लोक टाळ्या वाजवतील, आणि भाऊजी, मला खात्री आहे, पहिल्या रांगेत बसून ऐकतील.

तुझाच, उत्तराची वाट बघत दाराआड उभा असलेला,
धाकटा