समुद्राची बाटली

बाबा, तुमचा तो समुद्र पाहून आले. तुम्ही होते तोवर म्हणायचे, खारं पाणी अन् माशांचा वास, दुसरं काय आहे तिथं? खोटं बोलत होते तुम्ही. नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक दुकानातून कापडाचे नमुने घेऊन दर हिवाळ्यात कोकणात जायचे, त्या एका गावी दोन दिवस जास्तीचे राहायचे, आणि आई सोबत येते म्हणाली की बाईमाणसाचं तिथं काय काम, म्हणून तिला गप्प करायचे. मलाही वाटायचं, खरंच काही नसेल.

सगळं होतं, बाबा. पाच मिनिटांत या टोकाहून त्या टोकाला जावं एवढीशी वाळू, मागे सुरूची झाडं, एक पालथी ठेवलेली होडी. ओहोटी लागली की बारके खेकडे बिळांतून निघतात आणि वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या भोवती मांडून ठेवतात. भरती सगळं पुसते, अन् ते बिचारे पुन्हा मांडतात. दुपारभर माणूस दिसला नाही. पाणी घोट्यांशी येऊन पायाखालची वाळू ओढून नेतं, तेव्हा तळव्यांना गुदगुल्या होतात. मी एकटीच हसले, आणि मग तुमचा असा राग आला की काय सांगू. आईचे गुडघे धड होते तेव्हा तिला हे दाखवायला तुमचं काय जात होतं?

ते बाटलीचं मी विसरलेले नाही. काशीहून येणारा गंगाजल आणतो, तसं आईनं एकदा तुम्हाला समुद्राचं पाणी आणायला सांगितलं होतं. तुम्ही आणलं. तिनं ते देव्हाऱ्यात ठेवलं, माझ्या जिभेवर थेंब दिला. दुसऱ्या दिवशी अंगणात दाढी करता करता तुम्ही मला म्हणाले, "स्टेशनच्या नळाचं आहे वं ते, मीठ टाकलं. तुझ्या मायले काय समजते!" मी दहा वर्षांची होते. तुमच्यासोबत मीही हसले. पाणी आटून बाटली कोरडी झाली, तरी आई तिच्यावर रोज फूल ठेवायची.

मी निघाले तेव्हा तिनं तीच बाटली धुऊन माझ्या हातात दिली. "आता मले जाणं होत नाही वं. पाणी तेवढं आण." मी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन भरली. जुन्या झाकणानं दगा दिला. नागपूर आलं तेव्हा पिशवी ओली अन् बाटली रिकामी. स्टेशनबाहेरच्या पोहेवाल्याकडून मीठ मागून घेतलं आणि नळावर गेले.

आईनं बोट बुडवून जिभेला लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या बाबानं आणलं होतं, अगदी तसंच आहे," म्हणाली, अन् बाटली देव्हाऱ्यात ठेवली. तिला तेव्हापासूनच ठाऊक होतं का, कोण जाणे.

तुम्हाला माफ केलेलं नाही, बाबा. आई आतल्या खोलीतच आहे, उठून खरं सांगायला दहा पावलंही लागणार नाहीत. आज आठवा दिवस. मी उठलेली नाही.