खोक्याला दाखवलेला धूप

सायखेडा,
दसरा उलटून आठवडा, २००३

तीर्थस्वरूप रावजी दाजींना निवृत्तीचा सायखेड्याहून दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं. आक्काला म्हणावं, गोड कमी कर (ती करणार नाही, पण भावानं सांगायला हवं). म्हैस व्याली का, आणि रेडी झाली की रेडा, तेही लिहा. तुम्ही माझ्यावर चिडलेले असणार हे मी धरूनच चाललोय. पोरीला घेऊन येतो म्हणून पोळ्याला छाती ठोकून सांगितलं आणि दसरा झाला तरी माझा पत्ता नाही, म्हटल्यावर कुणीही चिडेल. तरी पत्र फाडू नका, शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही सांगितलेलं काम तसं सोपं होतं. वैष्णवीला म्हणजे तुमच्या लेकीला समजवायचं, नाशिकच्या विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातली ती बिनभरवशाची नोकरी सोडायला लावायची आणि निफाडच्या स्थळासाठी दिवाळीच्या आत येवल्याला आणून पोचवायची. तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलंय, म्हणून हे मामाच्या गळ्यात. मीही निघालो तो रागातच. नाशिकला द्वारकेच्या चौकात एसटीतून उतरलो, रिक्षावाल्याशी भांडलो (तो राग त्याच्यावर निघाला, बिचारा), आणि केंद्राच्या दारात उभं राहून म्हणालो, आवर आणि चल. ती म्हणाली, मामा, चहा घ्या, तोवर आमचे कांदे बघा.

आता कांदे बघा म्हटल्यावर मी कसा थांबणार? आणि तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, चौकशी केल्याशिवाय मला घास उतरत नाही. आत एक खोली, तिथं काचेच्या हंड्यांमध्ये आपलेच कांदे, काही चांगले, काही सडके, आणि त्यांच्यामध्ये डब्याएवढं एक खोकं. त्याला बारीक भोकं. कांदा सडायला लागला की जो वास सुटतो, तो आपल्या नाकाला कळायच्या आधी त्या खोक्याला कळतो. मग त्याच्यावरचा आकडा चढतो आणि ते शिट्टी मारतं. एवढंच त्याचं काम! कांदे साठवायच्या चाळीत एक कांदा सडला की शेजारचे दहा घेऊन जातो, आणि आपल्याला कळतं तेव्हा खालून पाणी गळत असतं, हे तुम्हाला मी काय सांगावं. मला ते खोकं फार आवडलं. मग तिथले मुख्य, गायधनी सर, यांना मी धरलं. विचारलं, की विद्यापीठानं पोरं शिकवायची सोडून कांदे कशाला हुंगायचे? कारखानेवाल्यांना कळत नाही का, त्यांनी करावं की.

माणूस शांत आहे. म्हणाले, कारखान्याला दर महिन्याला माल काढायचा असतो, चालेल की नाही ठाऊक नसलेल्या वस्तूपायी दोन-तीन वर्षं थांबणं त्याला परवडत नाही. आम्ही थांबू शकतो, पण आम्ही एक खोकं करू, हजार करणं आमच्यानं होणार नाही. म्हणून हे केंद्र मधल्या जागेत बसलंय. वास मोजायचं एक भलं मोठं महागडं यंत्र तिथं आहे, ते कुठल्याच छोट्या कंपनीला झेपणार नाही, तर तीन-चार कंपन्यांची पोरं पाळीनं येऊन वापरतात (आपल्या गावात मळणीयंत्र फिरतं तसं). आणि इथं शिकलेली पोरं पुढं त्याच कंपनीत जातात, म्हणजे वस्तूही जाते आणि ती कळणारं माणूसही जातं. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हटलं सर, हे तर कांद्याचं रोप झालं. वाफ्यात जपून वाढवायचं आणि मग उपटून मोठ्या रानात लावायचं. ते खूश झाले, वहीत लिहून घेतलं. मग मी विचारलं, की मोठं रान कुणाचं? तर अंबडच्या एमआयडीसीतले एक रविराज शेठ आहेत, ते ही खोकी बनवायला तयार आहेत. पण त्यांची अट अशी की आधी खऱ्या चाळीत चालवून दाखवा. काचेतला कांदा शहाण्यासारखा सडतो, चाळीतला कसाही सडतो.

तेव्हा वैष्णवी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, शेठ हो म्हणाले तर मला इथंच पक्की नोकरी आहे. नाही म्हणाले तर मी आपणहून येवल्याची गाडी धरते, तुम्हाला न्यायलाही यायला नको." डोळ्यांत पाणी नाही, आवाज चढलेला नाही. तुमच्यावर गेलीय. आणि दाजी, मी तिला आणायला गेलेला माणूस, आपली चाळ त्या खोक्याला देऊन हात हलवत परत आलो.

खोकं चाळीत बसलं आणि खरंच कामाला लागलं. गणपतीत त्यानं उगवतीच्या कोपऱ्यात शिट्टी मारली, उकरून बघतो तर पाच-सहा कांदे नुकते मऊ पडलेले. मी गावभर सांगत सुटलो. शेठ दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बघायला येणार असं ठरलं. इथवर सगळं छान होतं.

मग आली खंडेनवमी. आता आपल्याकडं खंडेनवमीला काय असतं? ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, काटा, विळे, बोअरचा स्टार्टर, झाडून सगळ्यांची पूजा. आमची कारभारीण चंद्रभागा म्हणाली, खोकंही बिचारं महिनाभर राबलंय, त्याला कसं वगळायचं? मलाही पटलं. मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली (भोकांवरून), नारळ फोडला आणि धुपाटणं चांगलं समोर धरलं. मनापासून केली हो पूजा. आम्ही पुरणपोळीला बसलो आणि चाळीत शिट्टी सुरू झाली. जाऊन बघतो तर आकडा पार वरच्या टोकाला. म्हणजे अख्खी चाळ सडली! माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या झुंबरला हाका मारल्या, सगळी आळी धावली, भरल्या ताटावरून उठून आम्ही चाळ अंगणात उपसली. सडका कांदा म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजावा इतका. तेव्हा चंद्रभागा कपाळावर हात मारून म्हणाली, "अवो, त्याला आपला धूप लागला असंल." बरोबर होतं तिचं. मग मी घाईघाईनं शहाणपणा केला. भोकांतलं कुंकू निघेना, म्हणून रॉकेलचं बोट फिरवलं. शिट्टी थांबली. ती कायमचीच थांबली.

खरं सांगतो दाजी, त्या वेळी माझ्या लक्षात आलं की तुमचं काम झालं. शेठ येणार, मेलेलं खोकं बघणार, नाही म्हणणार आणि पोरगी दिवाळीला तुमच्या दारात. मी तर मिशीला पीळ द्यायला हवा होता. पण दसऱ्याचं सोनं वाटताना माझा हात जड झाला होता. तिचं वाटोळं मी केलं, आणि तेही नारळ फोडून, हे मनातून जाईना.

ठरल्या दिवशी शेठची गाडी आली, सोबत गायधनी सर आणि वैष्णवी. वैष्णवीनं खोकं उचललं, भोकांत कुंकू बघितलं, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, धूप, नारळ, रॉकेल, सगळं. शेठ हसले, पण गाडीकडं वळले. म्हणाले, नाजूक वस्तू दिसते, आपल्याला नाही जमायची. मी गायधनी सरांकडं बघितलं, पण बोलली वैष्णवी.

"शेठ, तुम्ही पहिल्या वर्षी जेवढी खोकी विकणार होता, त्या सगळ्यांची खंडेनवमीला पूजा झाली असती. एकानंही सोडलं नसतं."

शेठ थांबले. त्यांच्या कारखान्यातही पूजा होतेच की! त्यांनी विचारलं, म्हणजे हे बिघडलं ते बरं झालं म्हणता? ती म्हणाली, मामांकडं बिघडलं म्हणून बरं झालं, तुमच्या गिऱ्हाइकाकडं बिघडलं असतं तर वाईट. आता भोकांना झाकण करू, धूर कुठला आणि सड कुठली हे त्याला शिकवू, त्यासाठी अजून एक हंगाम केंद्रातच लागेल. शेठनी कांद्याच्या ढिगातला एक कांदा उचलून दाबून बघितला. मग म्हणाले, हंगाम घ्या, पण ही मुलगी मला आत्तापासून हवी. आता ती निम्मा आठवडा केंद्रात आणि निम्मा अंबडला असते. सरांनी केंद्रात धुपाटणं विकत आणलंय. रोज कुणी ना कुणी त्या खोक्यांना धूप दाखवतं, आणि विद्यापीठ त्याचा खर्च देतं!

तर असं झालं. बाकी पोरीचा बाप तुम्ही, तिचं काय करायचं हा निर्णय सर्वस्वी तुमचा. मी मध्ये पडणारा कोण? आक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचाच मेहुणा,
निवृत्ती

ता. क. निफाडच्या मंडळींना मी परवा तुमच्या वतीनं नकार कळवून आलो. तुम्ही फार विचार करून, जड मनानं नाही म्हणालात असं सांगितलंय. ते रागावले नाहीत, उलट तुमच्या स्पष्टपणाचं कौतुक करत होते. कुठं भेटलेच तर तसंच बोला.

आणखी एक. पुढच्या हंगामासाठी वेगळ्या हवेतली चाळ हवी होती. मी तुमची सांगितली. सरांनी लिहूनही घेतली.

आणि हे शेवटचं, यासाठीच पत्र लिहायला बसलो. जागा बघायला आणि खोकं बसवायला वैष्णवी स्वतः येतेय, रविवारी, दुपारच्या एसटीनं. घरी यायचं की चाळीवरूनच परत फिरायचं, हे तिला कळत नाहीये. मला विचारत होती, मी काय सांगणार? तुम्ही स्टँडवर जा. पोराला पाठवू नका, स्वतः जा. तिच्यासाठी आलो असं म्हणवत नसेल, तर खोकं उचलायला आलो म्हणा. तिला कळेल.