उशीपासून एक फूट

३ तारीख, मंगळवार

आज दवाखान्यात जे झालं ते असं:

१. बाबांचं स्वरयंत्र काढावं लागणार. गाठ तिथेच आहे. शस्त्रक्रिया २४ तारखेला.
२. त्यानंतर ते गळ्यावरच्या छिद्रातून श्वास घेतील. बोलता येणार नाही.
३. स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, त्याआधी आवाज रेकॉर्ड करून ठेवा. किमान चाळीस मिनिटं, शांत खोलीत. त्यावरून कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलू शकतो. बाबा टाइप करतील, तो बोलेल.
४. बाबा म्हणाले, "माझा आवाज कुठल्या कंपनीकडे ठेवायचा नाही. घरात राहू दे."
५. म्हणजे कॉम्प्युटर घरात हवा. पलंगाशेजारच्या स्टुलावर मावेल एवढा, आणि झोपलेल्या माणसाला ऐकू येणार नाही असा. तो मी बांधणार.

रडले नाही.

४ तारीख

स्टूल बाबांनीच केलेलं. चाळीस वर्षं सुतारकाम. वरची फळी मोजली – बत्तीस सेंटिमीटर. बाबा पलंगावरून म्हणाले, "एकतीस आणि आठ. त्या बाजूला रंधा जास्त फिरलाय." पुन्हा मोजली. एकतीस आणि आठ.

निम्मी जागा कफ ओढायच्या यंत्राला जाणार. उरलेल्यात चष्मा, पेला आणि मशीन.

६ तारीख

मशीनसाठी तीन केस निवडून काढल्या, म्हणजे बाहेरचे डबे. त्यांचा आकार लिटरमध्ये मोजतात.

पाच लिटरची: ग्राफिक कार्ड बसत नाही. आवाज तयार करायचं सगळं काम तेच करणार, तेव्हा बाद. सात लिटरची: कार्ड एका बाजूला, प्रोसेसर दुसऱ्या बाजूला, मध्ये पत्र्याचा पडदा. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरला जेमतेम ४७ मिलिमीटर उंची. साडेनऊ लिटरची: कूलरला ७० मिलिमीटर, वर दोन मोठे पंखे, पण पेल्याला जागा उरत नाही.

दुकानदार म्हणाला, "ताई, मोठा टॉवर घ्या की. हवा खेळती राहते. एवढ्याशा डब्यात कशाला जीव काढता?"

"स्टुलावर टॉवर बसत नाही."

"मग स्टूल बदला."

सात लिटरची घेतली.

८ तारीख, रविवार

बाबांचा फोन भरला होता, रिपोर्ट उतरत नव्हते. साफ केला. ऑडिओ, व्हिडिओ सगळं काढलं. अकरा जीबी मोकळी.

"महत्त्वाचं काही गेलं नाही ना?" बाबांनी विचारलं.

"कचरा होता सगळा."

बाबांनी फोन उशीखाली ठेवला.

संध्याकाळी आत्या आली. स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "दादाला कळवलंस का गं?" बाबांनी आतून ऐकलं. "त्याचं नाव काढायचं नाही या घरात." दोन वर्षं हेच. दादा म्हणाला होता, बाबांचं वर्कशॉप चालवणार नाही. बाबा म्हणाले होते, मग परत येऊ नकोस. दोघेही शब्दाचे पक्के.

कळवलं नाही.

११ तारीख

सात लिटरची जमत नाही. छोटा पंखा जोरात फिरतो, बारीक शीळ घातल्यासारखा. जाळी काढली, पंखा वरखाली सरकवला, प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवलं. माइक बाबांच्या उशीपासून एक फुटावर ठेवून मोजलं. ३४ डेसिबल.

"बाबा, पाच मिनिटं बोलू नका हं. मोजतेय."

नंतर म्हणाले, "इंजिनीअरबाई, खोकं लहान पडतंय. सामान कोंबून झाकण लावलं की ते आज ना उद्या फुगतं. खोकं बदल."

बदलते. पेला खिडकीत ठेवू.

१३ तारीख

साडेनऊ लिटरची आली. सगळं उचकटून पुन्हा बसवलं. ३१ डेसिबल. अजून जास्त आहे.

आत्या म्हणाली, "अगं, फोनवर घे ना रेकॉर्ड करून. आज बरा बोलतोय तो."

"फोन आवाज दाबतो, आत्या. एकदाच करायचं आणि नीट करायचं."

"तुझं नीट होईस्तोवर..." तिने भाजी चिरायला घेतली.

१५ तारीख, रविवार

सापडलं! बाजूचा पंखा हवा आत ढकलत होता. नेमक्या त्याच जागेतून कार्डाची गरम हवा बाहेर यायला बघते. दोन्ही एकमेकींवर आदळत होत्या. पंखा उलटा लावला. कार्ड ८३ वरून ७१ अंशांवर. मग सगळे पंखे हळू करता आले. उशीपासून एक फूट – २४ डेसिबल. बाबांच्या श्वासाखाली ते हरवतं.

बाबांनी हात ठेवून बघितलं. "चालू आहे का हे?"

इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

रेकॉर्डिंग बुधवारपासून. रोज दहा मिनिटं, चार दिवस. वाक्यं मोठ्या अक्षरात छापून ठेवली.

१७ तारीख, मंगळवार

सकाळी सव्वानऊला बाबांचा श्वास अडकला. गाठीभोवती सूज. दवाखान्यात पोचताच गळ्याला छिद्र पाडून नळी घातली. नळीमुळे आवाज फुटत नाही. डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही, गुरुवारीच करू.

घरून निघताना जिन्यात ते शेवटचं काहीतरी बोलले. बहुतेक "चप्पल".

१८ तारीख

मशीन चालू आहे. कार्ड ३८ अंश. काम नसलं की एवढंच असतं.

१९ तारीख

झालं. सहा तास लागले.

२२ तारीख

पंख्याचा आवाज मोजताना रेकॉर्ड झालेल्या फाइल्स उघडल्या. अकरा आहेत. एकूण बावन्न मिनिटं. थेरपिस्ट बाईंना चाळीस हवी होती.

सगळ्या ऐकल्या. सुरुवातीला मी: "बाबा, बोलू नका हं." मग पंखा, आणि त्यामागे बाबा गप्प पडून आहेत. सातव्या फाइलमध्ये घसा खाकरतात. नवव्यात "झालं का?" आणि त्यावर मी: "शू."

वापरता येईल असं: एक सेकंद.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, "जुने व्हिडिओ, निरोप, काहीही चालेल. फोनमध्ये असेलच की."

८ तारखेचं पान पुन्हा वाचलं.

३० तारीख, सोमवार

बाबा घरी आले. पाटीवर लिहितात. मशीनमध्ये तयार मिळणारा एक पुरुषी आवाज घातलाय. बाबांनी टाइप केलं: चहा कर. मशीन बोललं.

आत्या म्हणाली, "हा कोण बातम्या देणारा घरात शिरला?"

बाबा हसले. हसण्यालाही आता आवाज नाही. नुसते खांदे हलतात.

आत्या गेल्यावर मी सांगून टाकलं – फोनमधलं मी पुसलं, आणि रेकॉर्डिंग मी लांबवलं. दोन्ही माझ्याकडून झालं. त्यांनी पाटी पुसून उशाशी ठेवली.

१ तारीख, मंगळवार

सकाळी बाबांनी उशीखालून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. दादाशी झालेलं बोलणं उघडलेलं होतं. दोन वर्षं. दर दोन-तीन रविवारांनी बाबांचा एक रेकॉर्ड केलेला निरोप. एकूण एकेचाळीस. सगळे पोचलेले, उत्तर एकाचंही नाही. मी पुसले म्हणून इथे आता वाजत नाहीत, नुसती लांबी दिसते. बेरीज केली: एक तास सत्तावन्न मिनिटं.

पाटीवर लिहिलं होतं: त्याच्याकडे असतील.

दादाला पाठवलं, ते असं:

"दादा, बाबांचं स्वरयंत्र १९ तारखेला काढलं. ते आता बोलत नाहीत. त्यांनी तुला पाठवलेले ४१ निरोप त्यांच्या फोनमधून माझ्या हातून पुसले गेले. तू ते ऐकलेस का, हे मी विचारत नाही. तुझ्याकडे अजून असतील तर जसेच्या तसे पाठव, त्यांतून त्यांचा आवाज तयार करता येईल. स्वतः घेऊन आलास तरी चालेल. बाबांना विचारलं आहे, ते हो म्हणाले. रविवार, ६ तारखेपर्यंत कळव."