मुकुट उतरवला तेव्हा

तीर्थरूप बाबा,
नंदनवनातल्या खोलीवरून जितूचा दंडवत.

माझी तब्येत बरी आहे, आवाजही टिकून आहे. मी राम करतो त्या संगीत रामकथेचे प्रयोग हाऊसफुल्ल जाऊन राहिले. डबा चांगला मिळते, आईले सांगा.

त्या दिवशी नाटक संपल्यावर तुम्ही रामटेकचा नारळ घेऊन मेकअपच्या खोलीत आले. आपल्या गावात रामाचा मुकुट ज्याच्या डोक्यावर, त्याच्या पाया म्हातारेही पडतात. पण बापानं माझे पाय धरावे, हे मले सोसलं नसतं. म्हणून तुम्हाले दारात पाहून मी घाईनं मुकुट उतरवला अन् मीच तुमच्या पाया पडलो.

तुम्ही नारळ टेबलावर ठेवला. "बस सुटंल गा, येतो," एवढंच म्हणाले. मले वाटलं, खूश होऊन गेले.

काल आईनं फोनवर सांगितलं. मुकुटातल्या रामाचं दर्शन घेऊनच जेवायचं म्हणून तुम्ही सकाळपासून उपाशी होते, अन् घरी येऊनही तसेच झोपले.

गुडघा कसा आहे? मेकअपच्या खोलीचा तो जिना तुम्ही कसे चढले असाल, हेच डोक्यात फिरून राहिलं.

नारळ मी फोडला नाही. रविवारी पुन्हा प्रयोग आहे, आईले घेऊन या. तुम्ही वाकाल तेव्हा मी हलणार नाही.

तुमचा,
जितू