हमाम सुकेपर्यंत

रैनावारी, श्रीनगर
मंगळवार, २९ ऑक्टोबर

प्रिय मुदस्सिर,

सलाम. तू, सकीना आणि मुलं सुखात असाल. आम्ही दोघी मायलेकी आहोत तशाच आहोत. भोपळ्याच्या चकत्या वाळल्या, वांगी अजून दोरीवर आहेत. शेजारच्या फयाज साहेबांची सून उद्या शारजाला निघते आहे, तिच्या हाती हे पत्र देते. फोनवर बोबा शेजारी बसलेली असते आणि तिला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवावा लागतो, हे तुला माहीत आहे.

तुझा तक्ता मिळाला. घर गरम ठेवण्याचे पाच मार्ग. प्रत्येकापुढे बसवण्याचा खर्च, दर हिवाळ्याचा खर्च, वीस वर्षांचा खर्च. चांगला केला आहेस. उत्तर द्यायला उशीर झाला.

नळांतून गरम पाणी फिरवायचं तर नऊ खोल्यांच्या भिंती फोडाव्या लागतील. आम्ही राहतो दोन खोल्यांत. गॅसचा हीटर बंद खोलीत म्हाताऱ्या बाईजवळ मी ठेवणार नाही. गरम हवेचा एसी तुझ्या तक्त्यात सर्वांत स्वस्त आहे, पण वीज किती तास जाते याचा रकाना त्यात नाही. बुखारीवर तू लाल काट मारली आहेस. लाकूड खाते, धूर करते, पहाटे थंड पडते. खरं आहे.

राहिला हमाम, खालून तापणारी दगडी जमीन. वीस वर्षांच्या रकान्यात तोच किफायतशीर ठरतो असं तू लिहिलंस. त्या रकान्यापाशी मी जरा थांबले. बोबा एकाहत्तर वर्षांची आहे.

गेल्या आठवड्यात अस्सद काक गवंडी खालची खोली मोजायला आला. बोबा खिडकीत बसली होती.

"दोन बायकांसाठी हमाम?" ती वरून ओरडली. "मशीद बांधतोस का रे, अस्सदा? मग बांग कोण देणार, मी?"

"दे की, मावशी. तुझा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातो."

"आणि लाकूड काय तुझा बाप आणून टाकणार?"

"बाप गेला. पण त्याने बांधलेले हमाम अजून तापतात. खाली पोकळी, वर दगडी लाद्या, विस्तव बाहेरच्या बाजूने. खोलीत धुराचा मागमूस नाही. अंथरूण टाक आणि राणीसारखी झोप."

"राणी दात पडल्यावर कुठे झोपते ते बघितलंय मी."

तो हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "फक्त घाई करायची नाही, बेटी. बांधून झाला की महिनाभर सुकू द्यायचा. त्यानंतर आठ-दहा दिवस मूठभर लाकूड, रोज थोडं वाढवत. पहिल्याच दिवशी मोठा जाळ केला की लादी तडकते. थंडी सोसवत नाही म्हणून लोक नेमकं तेच करतात."

"म्हणजे तयार कधी?" बोबाने विचारलं.

"जानेवारी उजाडेल."

तिने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "चालेल. हमामच बांध."

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. बोबा तयार झाली म्हणाले. तू म्हणालास, "चला, सुटलो." आपण दोघेही हसलो. त्या फोनमध्येच तू विचारलंस की इतके हिवाळे कुशीतल्या निखाऱ्यांच्या कांगडीवर निघाले, मग आताच एवढी घाई कशाला. मी म्हणाले, माझे गुडघे दुखतात.

माझे गुडघे बरे आहेत.

सप्टेंबरमध्ये मी बोबाला आंघोळ घालत होते. तिचा हात दुखावला होता, नाहीतर तिने मला जवळ येऊ दिलं नसतं. उजव्या मांडीवर जखम आहे. कडा उचललेल्या, मधे खोल. रुपयाएवढी. जन्मभर सैल फेरनच्या आत कांगडी मांडीशी धरली की कातडीवर तपकिरी जाळं उमटतं, ते इथल्या सगळ्या बायकांना असतं, मलाही आहे. ही जखम त्या जाळ्यात आहे.

डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासायला पाठवला. कर्करोग आहे. कांगडीचा. त्या म्हणाल्या, इथे नवीन नाही, लवकर कापला तर बहुतेक बाया बऱ्या होतात. जांघेत एक गाठही लागते, ती कसली आहे ते नंतर कळेल. कांगडी आजपासून बंद.

"कांगडी बंद, तर थंडीत काय तुमच्या मांडीवर बसू?" बोबाने त्यांना विचारलं. त्यांना हसू आलं.

मग त्यांनी विचारलं, "जखम कधीपासून आहे?"

"दोन महिने," बोबा म्हणाली.

मी काही बोलले नाही.

मुदस्सिर, दोन हिवाळे झाले. पहिल्यांदा मी ती बघितली तेव्हा मसुराएवढी होती. ठिणगी उडाली, असं बोबा म्हणाली. मी अक्रोडाचं तेल लावून दिलं. पुढच्या हिवाळ्यात तिने जुन्या ओढणीची चिंधी बांधलेली दिसली आणि मी विचारलं नाही. रोज सकाळी कोळसा घालून, वर राख पसरून, पेटती कांगडी मीच तिच्या हातात देत होते. थंडी असली की दुसऱ्यांदा भरून देत होते. ती कधी मागायची नाही. मीच द्यायची.

अहवाल आला त्याला सहा आठवडे झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, महिन्याच्या आत कापायला हवं. मी त्यांना सांगितलं, घरी आधी उबेची सोय करते. मला ते शहाणपणाचं वाटलं. सात दुकानं फिरले. तीन माणसं येऊन खोल्या मोजून गेली. मग तुझ्याकडे तक्ता मागितला, आणि तो आल्यावर दहा दिवस वाचत बसले.

परवा फयाज साहेबांच्या घरच्यांना बोबा सांगत होती, "हमाम सुकल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही. जानेवारीनंतर बघू." मी आत भाजी निवडत होते. तेव्हा कळलं, तिने हमाम का निवडला. पाच मार्गांत सर्वांत सावकाश तोच होता. आणि हेही कळलं की मी दुकानं का फिरत होते.

आज सकाळी अस्सद काकला नको म्हणून सांगून आले. बाजारातून पत्र्याची बुखारी आणली. दुपारपर्यंत खिडकीची एक काच काढून धुराडं बसवलं. खोली अर्ध्या तासात तापली. बोबा दारात उभी राहून बघत होती.

"हीच ना ती महागातली? मुदस्सिर काय म्हणेल?"

"काहीही म्हणो."

"लाकूड फुकट जाणार."

"जाऊ दे. गुरुवारी दवाखान्यात जायचंय. तू परत येशील तेव्हा खोली गरम पाहिजे."

ती आत येऊन भिंतीला टेकून बसली. बुखारीकडे तळवे धरून म्हणाली, "कापणार बाईच ना?"

"बाईच."

"मुदस्सिरला कळवू नकोस. तो सगळं टाकून येईल आणि मग नोकरी जाईल. माझी शपथ घे."

मी घेतली.

आता ती झोपली आहे आणि मी शपथ मोडते आहे. पत्र तुला शनिवारी मिळेल. तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. तू ये किंवा येऊ नकोस, ते मी ठरवणार नाही. फोन केलास तर बोबाशी लाकडाबद्दल बोल, तिला बरं वाटेल. माझ्याशी बोलायचं असलं तर वेगळा फोन कर. काय बोलायचं ते तू ठरव. मी ऐकून घेईन.

सकीनाला आणि मुलांना माझा सलाम.

दोन हिवाळे गप्प राहिलेली
तुझी दीदी,
तस्लीमा