आकडा नसलेली दोन टरफलं

नवघर, भाईंदर (पूर्व)
दि. ५ फेब्रुवारी १९९१

आदरणीय अक्कास, कोंडिरामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी खुडूक कोंबडी आणि तेरा अंडी एसटीतून एकही न फुटता पोचली. रविवारी, तीन तारखेला, संध्याकाळी पावणेसातला तिला टोपलीत, अंडी उबवायला, रवणीला बसवली. दोन अंडी घाणेरडी होती, ती बाजूला काढली. उरलेली अकरा कोमट पाण्यात साबणाने धुतली, पुसली, पेन्सिलीने एक ते अकरा आकडे घातले. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण कोंबडीपालनाचं पुस्तक स्वतः आणून दोनदा वाचलंय. चोवीसला पिल्लं.

गावच्या बायका म्हणायच्या, विटाळशीची सावली पडली की रवणीची अंडी नासतात. सूनबाईंना, संघप्रियेला, सांगून टाकलं की आपल्या घरात असलं चालत नाही. विहारातही यावरच बोललो. टाळ्या पडल्या. आपला पोरगा उदय मजेत. तुझा गुडघा कसा आहे?

तुझा भाऊ,
कोंडिराम

दापोली
दि. ११ फेब्रुवारी

चि. कोंडिरामास, अक्काचा आशीर्वाद.

अंडी धुतलीस? अरे शहाण्या, अंडं घालतानाच कोंबडी त्यावर पातळ लेप देते. तो गेला की आत घाण शिरते नि अंडं नासतं. पुस्तकात हे नसेल तर पुस्तक इकडे पाठव, चुलीला होईल. आता जे निघेल ते मुकाट्याने घे, दुसऱ्यावर काढू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे.

माया आहे म्हणूनच रागावते,
वैजयंता

नवघर
दि. २८ फेब्रुवारी

आदरणीय अक्कास, जयभीम.

तुझं पत्र मिळालंच नाही असं लिहिणार होतो. मिळालं होतं.

चोवीसला सकाळी एकही अंडं फुटलेलं नव्हतं. रविवार, सगळी चाळ नळावर. शेजारच्या मनोरमाबाईंनी हसत विचारलं, मास्तर, पुस्तकातली पिल्लं कुठायत? ते मला लागलं. संघप्रिया हंडा भरत होती. तिला विचारलं, टोपलीला हात लावलास का? ती हो म्हणाली, एकदाच, चार तारखेला. मी सगळ्यांसमोर तिचे दिवस मोजले, अक्का. बोटांवर. आणि ज्या शब्दावर टाळ्या घेतल्या होत्या तोच तिच्या अंगावर टाकला. तुझं पत्र तेव्हा सदऱ्याच्या खिशात होतं.

ती अर्धा हंडा घेऊन आत गेली.

पंचवीसला दुपारी दोन पिल्लं निघाली. टरफलं उचलून पाहिली, एकावरही आकडा नाही. मी बाजूला काढलेली दोन अंडी तिने चार तारखेला, न धुता, कोंबडीखाली सरकवली होती. माझी अकरा फोडली. सगळी नासकी.

आता ती पिल्लांना शिवत नाही. कण्यांची वाटी दारात ठेवून मागे सरते. म्हणते, नको अण्णा, तुमची पिल्लं मरायची. उदय जेसल पार्कला भाड्याची खोली बघतोय. तू तिला दोन ओळी लिही, तुझं ऐकेल.

कोणत्या तोंडाने लोभ मागू?
कोंडिराम

दापोली
दि. ५ मार्च

चि. कोंडिरामास,

मी लिहिणार नाही. बोललास नळावर, मग माफी दापोलीहून कशाला?

त्या दिवसांत मला गोठ्यात बसवायचे, तेव्हा नऊ वर्षांचा तू आपलं ताट घेऊन तिथे यायचास. आजीचा मार खायचास, पण माझ्याशेजारी बसूनच जेवायचास. तेव्हा तू कुठलं पुस्तक वाचलं होतंस रे?

तुझीच,
अक्का

नवघर
दि. ११ मार्च

आदरणीय अक्कास, जयभीम.

काल रविवारी नळावर गेलो. मनोरमाबाई नव्हत्या, त्यांना बोलावून आणलं. त्या दिवशीचं एकही माणूस कमी चालणार नव्हतं. तुझं अकरा फेब्रुवारीचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, सवयीच्या ओळीसकट. अंडी मी नासवली, तिच्या हातची जगली, आणि मी बोललो ती नीच गोष्ट होती, असं म्हणालो. टाळ्या नव्हत्या.

संघप्रिया हंडा भरत राहिली. मग वर न बघता म्हणाली की पुढच्या खेपेला अंडी ती ठेवील, अण्णांनी साबण ठेवावा, जागेवर.

खोलीचं उदय काही बोलत नाही. मी विचारलं नाही. पण आज सकाळी कण्यांची वाटी दारात नव्हती, टोपलीपाशी होती.

कोंबडी पुन्हा खुडूक झाली की अंडी पाठव. पत्ता माझा घाल, नाव तिचं.

तुझ्या मायेला पात्र होऊ पाहणारा,
कोंडिराम